घराभोवतीच्या थोड्या जागेत मिरीच्या वेलाला वळण

कोकणात घरामागे चार-सहा पोफळी, एखादा माड किंवा फणस नाही असे घर विरळाच. या झाडांवर मिरीचे वेल सोडलेलेही पुष्कळ ठिकाणी दिसतात. परंतु जवळ जाऊन पाहिले तर बहुतेक वेलांची स्थिती सारखीच आढळते. खाली पुरुषभर उंचीपर्यंत नुसते उघडे खोड असते आणि पाने, घोस सारे वर शेंड्याकडे. पंचवीस-तीस फुटांवरचे घोस काढायला माणूस मिळत नाही, घरच्याने चढावे तर पडण्याची भीती. मग मिरी पिकून पाखरांच्या पोटात जाते. जागा थोडी असली की वेलांची संख्या वाढविता येत नाही. तेव्हा आहे त्याच वेलावर जमिनीपासून हाताच्या टप्प्यात फांद्या आणणे, हाच उत्पन्न वाढविण्याचा मार्ग उरतो. हे काम लागवडीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच करावे लागते.

फुटवे ओळखावेत

मिरीच्या वेलावर मुख्यतः तीन प्रकारचे फुटवे येतात. पहिला म्हणजे चढणारा वेल. त्याच्या प्रत्येक पेरावर मुळे असतात व त्यांनी तो आधाराला चिकटतो. दुसऱ्या, या वेलाच्या पेरांतून बाजूला निघणाऱ्या फळफांद्या. त्यांना चिकटणारी मुळे नसतात; मात्र घोस याच फांद्यांवर, पानासमोर येतात. तिसरे, बुंध्याशी फुटून जमिनीवर सरपटणारे धावते फुटवे. रोपे बहुधा या धावत्या फुटव्यांच्या छाट कलमांपासून करतात. अशा रोपाच्या सुरुवातीच्या पेरांवर फळफांद्या येत नाहीत. वेल तसाच वर जाऊ दिला तर खालचे खोड पुढेही सहसा उघडेच राहते. शेतकरी याचा दोष खताला किंवा जातीला देतात, पण खरे कारण वळण न दिल्याचे असते.

वळण कसे द्यावे

आधाराच्या उत्तर किंवा ईशान्य बाजूला, बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पावसाळ्याच्या सुरुवातीस दोन-तीन रोपे लावावीत. दक्षिण-पश्चिमेकडील उन्हाने कोवळे वेल करपतात. घराच्या पागोळ्या जेथे पडतात ती जागा टाळावी. तेथे पाणी साचते आणि माती उडून पानांवर बसते. वेल वाढेल तसा तो सुंभाने किंवा केळीच्या सोपटाने आधाराला बांधत जावे. गाठ सैल ठेवावी, पण पेर आधाराला टेकलेले हवे. लोंबकळणाऱ्या पेराची मुळे धरत नाहीत.

वेलाला आठ-दहा पेरे झाली की पावसाची उघडीप पाहून, जमिनीकडील तीन-चार पेरे ठेवून वरचा भाग धारदार चाकूने कापावा. चांगला वाढलेला वेल असा गुडघ्याएवढा करणे जिवावर येते, हे खरे. पण राहिलेल्या पेरांतून नवीन जोमदार फुटवे येतात. त्यांपैकी दोन-तीन ठेवून ते आधाराभोवती सर्व बाजूंनी पसरतील असे बांधावेत. हे फुटवे पुन्हा आठ-दहा पेरांचे झाले की त्यांचेही शेंडे याच रीतीने मारावेत. मलेशियातील सारावाक भागात मिरी लाकडी खांबांवर घेतात. तेथे वेल खांबाच्या टोकाला पोहोचेपर्यंत अशी छाटणी अनेकदा करतात, त्यामुळे खांब बुडापासून फांद्यांनी झाकला जातो. कापलेले तुकडे फेकू नयेत, त्यांची छाट कलमे होतात.

परसात वेलाची उंची बारा ते पंधरा फुटांपर्यंतच राखावी. त्यापुढे जाणारे शेंडे दरवर्षी काढणी संपल्यावर छाटावेत. आधार पांगारा किंवा गिरिपुष्पाचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या फांद्या विरळ कराव्यात. पन्नियूर-१ या जातीला दाट सावली मानवत नाही. झाड नसेल तर सिमेंटचा खांबही चालतो. व्हिएतनाममध्ये अशा खांबांवर मिरी घेतात. मात्र उन्हाळ्यात खांब तापतो, म्हणून पहिली दोन वर्षे त्याला झावळ्यांची सावली करावी. घराच्या भिंतीवर मात्र वेल चढवू नये. भिंतीला ओल धरते आणि वेलालाही ती जागा सोसत नाही.

धावत्या फुटव्यांकडे दुर्लक्ष नको

मिरीचा सर्वांत घातक रोग म्हणजे बुरशीमुळे होणारी द्रुत मर. हिरवागार वेल पावसाळ्यात पाहता पाहता पाने गाळून वाळतो. ही बुरशी मातीत असते आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर प्रथम जमिनीलगतच्या पानांवर येते. म्हणून मृगापूर्वी सर्व धावते फुटवे छाटावेत. रोपांसाठी हवे असतील तेवढे गुंडाळून खुंटीला उंच बांधावेत. बुंध्याजवळ खोदून मुळे दुखवू नयेत व आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. पोफळीवरील कोळे रोगासाठी आपण एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतोच. तेच मिश्रण त्याच वेळी मिरीवरही, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे, म्हणजे वेगळा खर्च पडत नाही. दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चांगला कळीचा चुना लागतो. मिश्रण प्लॅस्टिकच्या बादलीतच करावे आणि त्याच दिवशी वापरावे.

आधारासाठी जागाच नसेल तर

अशा वेळी झुडुपी मिरी हा चांगला पर्याय आहे. धावत्या फुटव्याऐवजी फळफांदीपासून रोप केले तर ते चढत नाही, झुडुपासारखे राहते आणि कुंडीतही घोस देते. या कलमांना मुळे कमी प्रमाणात फुटतात, त्यामुळे घरी खटपट करण्यापेक्षा खात्रीच्या रोपवाटिकेतून रोप आणणे बरे. कुंडी विरळ सावलीत ठेवावी व उन्हाळ्यात पाणी चुकवू नये. झुडुपातून एखादा चढणारा फुटवा आला तर तो लगेच काढावा.

काढणी दोन्हींची एकाच खुणेवर करावी. घोसातील एक-दोन दाणे नारिंगी-लाल झाले की पूर्ण घोस तोडावा. दाणे सुटे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढल्यास एकसारखा काळा रंग येतो. मग चार ते सहा दिवस कडक उन्हात वाळवावेत. तीन किलो हिरव्या मिरीची साधारण एक किलो वाळलेली मिरी होते.