"त्याला भूक लागलीय बघ"

बाळ रडतं आणि आई थोरलीला म्हणते, "त्याला भूक लागलीय बघ. तुझ्याकडे बघून कसा हसतो, तू आवडतेस त्याला." घरोघरी दिवसातून दहादा असं बोललं जातं, कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पण भावंडांची माया मोठ्या प्रमाणात याच बोलण्यावर पोसते!

ज्यूडी डन आणि कॅरल केन्ड्रिक या दोघी संशोधकांनी इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये ४० घरांत बसून हे पाहिलं. दुसरं बाळ जन्मायच्या आधीपासून त्या तिथे जात होत्या. बाळाला काय हवंय, ते का रडतंय, हे आई जिथे थोरल्याला सांगत होती, तिथे वर्षभराने दोघांत जास्त जवळीक दिसली. त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं.

आईचं नैराश्य घाला घालतं ते नेमकं या बोलण्यावर. आई डबे भरते, कपडे वाळत घालते, सगळं करते, पण आवाज सपाट होतो आणि चेहरा हलत नाही. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात आयांना फक्त दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. तेवढ्यात बाळं हसून बघतात, हात पुढे करतात, चीत्कारतात आणि शेवटी मान फिरवून घेतात. दोन-तीन मिनिटांत! इथे तर महिनेच्या महिने जातात.

मग खेळण्यावरून भांडण जुंपलं की मध्ये कोण पडणार? आई कधी लक्षच देत नाही, कधी एकदम खेकसते. तडजोड कशी करायची, हे मुलांना दिसतच नाही. आईचा थोडासा वेळ कुणाला मिळतो यावरूनही चुरस लागते.

आणि तरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. बाळंतपणानंतर आई फार थकलेली किंवा उदास होती, अशा काही घरांत केंब्रिजच्या अभ्यासात भावंडं उलट जास्त सलगीने वागताना दिसली. आधाराला आई सापडेना, तेव्हा लेकरं एकमेकांकडे वळली. हे वाचून माझा ऊर भरून येतो, आणि काळजीही वाटते. कारण नऊ वर्षांच्या ताईने धाकट्याला भरवावं, निजवावं आणि "आईला बरं नाहीये, गप्प बस" म्हणावं, हे कौतुकाचं असलं तरी तिच्या वयाला पेलणारं नाही.

अमेरिकेत मिर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या १५१ आया आणि त्यांची मुलं पाहिली. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधले मानसिक विकारही कमी झाले. औषधोपचार आईवर झाले होते, मुलांवर नव्हे.

तेव्हा घरात पोरं सारखी भांडत असतील, तर त्यांना रागवण्याआधी त्यांच्या आईजवळ बसा, तिला कसं वाटतंय ते विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.