स्टार्टर उघडून बघा

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात अजून एखादी मारुती ८०० दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तरी ती चालते, कारण तिचे बरेच पार्ट उघडून पुन्हा कामाला लावता येतात. शिकायचं तर स्टार्टरपासून शिकावं. काम चुकलं तर गाडी सुरू होणार नाही, एवढंच.

चावी फिरवल्यावर एकदाच ‘टक’ असा आवाज आला आणि दिवे मंदावले नाहीत, तर स्टार्टरवर संशय घ्या. दिवे मंदावले तर आधी बॅटरी आणि टर्मिनल तपासा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडाच. स्टार्टरची जाड केबल थेट बॅटरीतून येते. तिला लागलेला पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी उडते. स्टार्टर खाली घेतल्यावर झाकणं आणि बॉडीवर जुळणीच्या खुणा करा, मगच लांब बोल्ट सोडा.

आत तांब्याच्या कम्युटेटरवर स्प्रिंगने दाबलेले कार्बन असतात. ते झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि शंभरहून अधिक अँपिअरचा करंट आर्मेचरपर्यंत पोचत नाही. बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं, आणि नवे कार्बन अगदी स्वस्त मिळतात. काही कार्बनची जाड तार डाग देऊन जोडलेली असते. रेडिओ दुरुस्तीच्या छोट्या सोल्डरिंग गनने ती तापत नाही, मोठी लागते.

काळवंडलेला कम्युटेटर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा. एमरी वापरू नका, तिचे कण पट्ट्यांमधल्या खाचांत अडकतात. खाचांतला अभ्रक तांब्याच्या किंचित खाली हवा; हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने तो हलकेच खरवडा. खोल चरे पडले असतील तर भोसरीत लेथवर बारीक कट मारून आणा. नंतर मल्टिमीटरची एक पिन कम्युटेटरला, दुसरी शाफ्टला लावा. कंटिन्युइटी दाखवली तर वायंडिंग गेलं, ते कारागिराकडे द्या.

बेंडिक्स (स्टार्टरचं फ्लायव्हीलमध्ये अडकणारं गिअर) पेट्रोल-डिझेलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. बाकीचे भाग धुतलेलं डिझेल डब्यात साठवा, गटारात ओतू नका. पवना नदी जवळच आहे.

जोडल्यावर स्टार्टर व्हाइसमध्ये घट्ट धरून दोन-तीन सेकंदच फिरवून बघा. तो जोरात उडी मारतो, हातात धरू नका. हे जमलं की अल्टरनेटरला हात घाला. ब्रेकचं काम मात्र जाणता मिस्त्री शेजारी असल्याशिवाय उघडू नका.