बोटाच्या हाडातील गाठ : भिऊ नका, चोळू नका

भांगलताना खुरपे जरा अडकले किंवा गुराचे दावे हिसकले, आणि तेवढ्यानेच बोट मोडले, तर आपण नशिबाला बोल लावतो. परंतु वाचकहो, धडधाकट हाड एवढ्याशा झटक्याने सहसा मोडत नाही. ते आतून पोखरलेले असण्याचा संभव असतो.

हाताच्या हाडांत सर्वांत अधिक आढळणारी गाठ म्हणजे एन्कॉन्ड्रोमा. ही कूर्चेची, म्हणजे नाकाच्या शेंड्याला असते तशा मऊ हाडाची गाठ. तळहाताला लागून असलेल्या पेरात ती विशेष दिसते. वर्षानुवर्षे ती न दुखता हळूहळू वाढते आणि हाडाची भिंत पातळ करते. हा कर्करोग नव्हे. एकट्या गाठीचे बोटात कर्करोगात रूपांतर होणे फारच विरळा. मात्र लहानपणापासून अनेक हाडांत अशा गाठी असतील, तर तो ऑलिए यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार असू शकतो. त्यात धोका अधिक, म्हणून जन्मभर तपासणी हवी.

लहान, न दुखणाऱ्या गाठीवर डॉक्टर नुसती एक्स-रेने नजर ठेवतात. भिंत पातळ झाली, दुखू लागले किंवा हाड मोडले, तर ऑपरेशनचा विचार होतो. मोडलेले हाड बहुधा आधी पट्टी बांधून जुळू देतात. मग हात बधिर करून, हाडाला छोटी खिडकी पाडून गाठ खरवडून काढतात व ती प्रयोगशाळेत तपासतात. पोकळीत कमरेच्या किंवा मनगटाच्या हाडाचा चुरा भरतात. काही सर्जन ती तशीच ठेवतात, आणि हाड आपणहून भरते. गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण थोडे आहे.

पुढचे काम रोग्याचे. डॉक्टर सांगतील तेव्हापासून बोटांचा व्यायाम केला नाही, तर बोट आखडते आणि विळा धरता येत नाही.

कर्करोगाच्या भीतीने गाठ लपवणे किंवा मोडलेले बोट चोळून घेणे, दोन्ही आम्हांला घातक वाटते. गाठ झपाट्याने वाढू लागली किंवा रात्री ठणकू लागली, तर एक दिवसही दवडू नये. एरवी डॉक्टरांची हरकत नसेल, तर ऑपरेशन सुगीनंतर करता येईल. एक्स-रे मात्र सुगीपर्यंत थांबवू नका.