मनाच्या वैद्यालाहि आरसा हवा

दुसऱ्याचें दुःख ऐकून घेणें हेंच ज्यांचें नित्याचें काम, त्या मानसोपचारकांचा व्यवसाय एका बाबतींत निराळा आहे. सुताराची चूक चौकटींत दिसते, शस्त्रवैद्याची जखमेंत दिसते. मानसोपचारकाची चूक मात्र बंद दाराआड होते. आणि ज्याला ती सोसावी लागते तो रुग्ण पुष्कळदां निमूटपणें येणेंच थांबवितो. मग आपलें काम सुधारत आहे कीं बिघडत आहे, हें उपचारकाला कळावें कसें?

अनुभवानें तें आपोआप कळतें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अमेरिकेंत झालेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनें निराळेंच दाखविलें. ५५० रुग्णांपैकीं उपचाराअखेर कोणाची स्थिति खालावेल, असें उपचारकांस विचारलें असतां त्यांनीं तिघांकडे बोट दाखविलें. प्रत्यक्षांत ४० जणांची स्थिति खालावली, आणि त्या तिघांपैकीं एकच त्यांत होता. उलट, रुग्णांनीं वेळोवेळीं भरलेल्या ४५ कलमांच्या पत्रकावरून त्यांतील बहुतेकांचा सुगावा आधींच लागत होता. उपचारक निष्काळजी होते असें नव्हे. आपल्या श्रमाचें फळ माणसाला गोडच दिसतें, इतकेंच.

या दोषावरचा दुसरा उपाय जुना आहे. बर्लिन येथें १९२० सालीं मॅक्स आयटिंगॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मनोविश्लेषणाचें चिकित्सालय काढलें. तेथें शिकणाऱ्यास तीन गोष्टी कराव्या लागत : व्याख्यानें ऐकणें, स्वतःच्या मनाचें विश्लेषण करवून घेणें, आणि चालू उपचारांचा वृत्तान्त ज्येष्ठापुढें मांडणें. ही तिसरी चाल पुढें दूरवर रूढ झाली. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या एका मोठ्या संघटनेंत तर मान्यताप्राप्त सभासदाला, तो कितीहि मुरलेला असो, महिन्याकाठीं किमान दीड तास अशा देखरेखीसाठीं द्यावा लागतो.

ही देखरेख म्हणजे झडती नव्हे. रुग्णाची ओळख झांकून उपचारक तेथें सांगतो, कोणत्या वाक्यानें आपण गोंधळलों, कोणाची भेट टाळावीशी वाटली, कोठें उपदेशाची घाई झाली. दुसऱ्याचें ऐकणाऱ्याचेंहि तेथें कोणी ऐकतें. त्याचा शीण उतरतो आणि पुढच्या भेटींत रुग्णाला अधिक मोकळें मन लाभतें.

म्हणून घरांतील कोणास अशा उपचाराची गरज पडल्यास, "आपण आपल्या कामाचा विचार कोणाशीं करतां?" असें उपचारकाला आदरानें विचारण्यांत कांहींच गैर नाहीं. जाणता उपचारक या प्रश्नानें दुखावत नाहीं.