बर्फावरची फळी

शेत सपाट करायला आपण फळी फिरवतो. कुणी कुणी फळीवर उभे राहून बैल हाकतो. तोल कसा सांभाळायचा, ते त्यालाच ठाऊक. अशीच एक फळी बर्फावरही चालते. तिला बैल लागत नाहीत. डोंगराचा उतारच तिला ओढतो. या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात.

खेळ मूळचा अमेरिकेतला. १९६५ साली शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने बर्फावर घसरायच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि आपल्या मुलींना खेळणे करून दिले. १९९८ साली हाच खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

आपल्या देशात तो बघायचा तर काश्मीरात गुलमर्गला जावे. उन्हाळ्यात तिथे हिरवे कुरण असते, हिवाळ्यात सगळे पांढरे. आपल्याकडचे पुष्कळ प्रवासी तिथे जातात. आम्हीही एकदा गेलो होतो. लाकडी स्लेजमध्ये बसलो आणि ओढणारा धापा टाकू लागला, तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली. उतरून चालू लागलो.

गुलमर्गहून तारेवर लोंबणारे पाळणे वर जातात. पहिला टप्पा कोंगडोरीचा. दुसरा अफरवट डोंगरावर, सुमारे १३,००० फुटांपर्यंत. फळीवाले तिथून खाली सुटतात.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, ही फळी थांबते कशी? ऐका. दोन्ही पाय फळीला पट्ट्यांनी बांधलेले असतात. माणूस आडवा उभा राहतो. फळीच्या दोन्ही कडांना पोलादाची धार असते. फळी उताराला आडवी करायची आणि डोंगराकडची धार बर्फात रुतवायची. की फळी थांबली! पण चुकून दरीकडची धार रुतली, तर माणूस धाडकन आपटतो. नवशिका पडताना हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो.

मनगट जुळते हो. खरे भय निराळेच आहे. बर्फ थराथरांनी साचतो. कधी खालचा थर दाणेदार, मोकळा राहतो. जमिनीवर ज्वारीचे दाणे पसरा, त्यावर पाट ठेवा आणि पाय द्या. पाट सटकतो ना? तसाच वरचा थर सटकतो. एका माणसाच्या भारानेही तो तुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. याला हिमलोट म्हणतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ शिक्षण घेणारे १७ जवान हिमलोटात गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवर पोलंड देशाचे दोघे दगावले.

म्हणून जाणता माणूस एकटा जात नाही. अंगावर एक छोटे यंत्र बांधतो. माणूस गाडला गेला तरी ते यंत्र खूण देत राहते. सोबत्याकडेही तसेच यंत्र असते. ती खूण धरून तो जागा हुडकतो, लांब काठी खुपसून बघतो आणि फावड्याने उकरतो. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत व्हावे लागते. त्यानंतर जगण्याची आशा झपाट्याने कमी होते. गावातून माणसे बोलावून आणायला वेळच नसतो. जवळ असेल तोच वाचवणार.

डोंगरावर पहारा करणारी मंडळी बर्फाची पाहणी करतात. धोका दिसला की वरचा टप्पा बंद राहतो. मग दूरदेशाहून आलेले फळीवालेही फळी काखेत धरून कोंगडोरीला चहा पीत बसतात.