क्रिएटिन कुणाच्या कामाचं?

पालीसारख्या गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने क्रिएटिनचा डबा घरी आणला, की पहिला प्रश्न येतो: याने किडनी जाते का? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी विचारायला हवं, की जोर किती सेकंद लावायचा आहे? क्रिएटिन हे स्टेरॉइड नव्हे. शरीर ते स्वतः तयार करतं, काही मटण-मासळीतून मिळतं, आणि सुमारे 95 टक्के साठा स्नायूंत असतो. एकदम जोर लावला की स्नायूंतलं एटीपी हे इंधन झपाट्याने खर्ची पडतं; क्रिएटिनपासून बनलेलं फॉस्फोक्रिएटिन ते तत्काळ भरून काढतं, पण जेमतेम दहाएक सेकंद. पावडर घेतल्याने हा साठा वाढतो, हे रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवलं. म्हणून गोळाफेक, वजन उचलणं, पुन्हा पुन्हा झडप घालावी लागणारी कुस्ती यांच्या सरावात तिचा फायदा दिसतो; शाकाहारी मुलाचा मूळ साठा कमी असल्याने त्याला बहुधा जास्तच. पाटोद्याचा कुस्तीगीर राहुल आवारे याचा खेळ या जातीचा. आष्टी तालुक्यातला धावपटू अविनाश साबळे याची 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, मात्र आठ मिनिटांची. तिथे दम प्राणवायूवर चालतो आणि स्नायूंत पाणी साठून वाढलेलं किलो-दीड किलो वजन उलट ओझं होतं. भरतीतली 1600 मीटर धावही याच बाजूची, आणि पुरुषांच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण तिचेच.

आता किडनी. क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याच्या रक्ततपासणीत तो आकडा वर सरकतो आणि रिपोर्ट पाहून घर हादरतं. आकडा वाढला म्हणजे किडनी बिघडली असं नव्हे. डॉक्टरांना पावडरीबद्दल आधी सांगितलं तर ते दुसरी तपासणी करून खात्री करू शकतात. निरोगी प्रौढांना रोज 3 ते 5 ग्रॅमने अपाय झाल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांना किडनीचा विकार आहे, त्यांनी मात्र लांबच राहावं. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर दगावले, तेव्हा संशय क्रिएटिनवरच गेला होता. चौकशीत कारण निघालं ते वजनगटात बसण्यासाठी रबरी सूट घालून, पाणी तोडून घाम गाळण्याचं. आपल्या उन्हाळ्यात हा उद्योग किती जिवावरचा ठरेल, हे प्रत्येक वस्तादाने पोरांना बजावलं पाहिजे.

खरी काळजी डब्याची करायला हवी. क्रिएटिनवर ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी नाही, पण भेसळीच्या पावडरीतून एखादं बंदी असलेलं द्रव्य पोटात गेलं, तर नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.