घराभोवतीची आडजागा

येलहंक्यात तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब भूखंडावर घर उभे राहिले, की भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये दोन हात रुंदीचा बोळ उरतो. मोडकी बादली आणि शिल्लक राहिलेल्या फरश्या यांची तेथे वस्ती होते. या जागेचे काय करावे, हे विचारावयास फार दूर जावे लागत नाही. दक्षिणेस बळ्ळारी रस्त्यावर, १९६४ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे.

मात्र सल्ला मागणाऱ्याने आपल्या जागेचे ऊन आधी ओळखलेले असावे. हे गाव सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्याने एप्रिलअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. डिसेंबरातील गारवा पाहून उत्तरेच्या बोळात लावलेले नेचे मे महिन्यात करपतात, ते यामुळेच. ते कुंडीत असतील तर त्या काळापुरते दक्षिणेच्या भिंतीआड नेता येतात.

क्रुंबिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यास आले. १९०८ मध्ये बंगळुरास जाऊन त्यांनी लालबागेची धुरा वाहिली. एक वृक्ष बहरून ओसरला की दुसरा फुलावा, अशी त्यांच्या वृक्षयोजनेची दृष्टी होती. दोन हातांच्या बोळालाही असे वर्षाचे कोष्टक लागू पडते.

ओलीचा प्रश्न अधिक गंभीर. अळू पाणथळ जागी फोफावतो, म्हणून त्याचे आळे भिंतीला चिकटवले तर ओल घराच्या पायात उतरते. आळे कुंपणालगत असावे आणि जमिनीचा उतारही तिकडेच असावा.